मामंजी कधी धावत नाहीत

थोरली जाऊ कधी कुणाला मागे ठेवून पुढे गेली नाही. यात मोठेपणाचं काही नव्हतं, तिची नोकरीच तशी होती. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं, बसवायचं, खिडकीबाहेर काढलेले हात आत घ्यायला लावायचे, कुणाला मळमळलं तर तोंडापुढे पिशवी धरायची. आणि शेवटचं पोर उतरलं की पुन्हा एकदा मागच्या बाकापर्यंत जाऊन, गुडघ्यांवर हात ठेवून, खाली वाकून बघायचं. झोपलेलं मूल बाकाखाली घसरलं तर वरून बस रिकामीच दिसते. ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवत विचारायचा, "मावशी, मोजून उतरवलीत ना?"

"उतरवली की."

"मग आता मागे काय राहिलंय?"

"तेच बघून येते," म्हणेपर्यंत ती अर्ध्या बसपर्यंत पोचलेली असायची.

अशी ही बाई पन्नाशीला टेकल्यावर भुताच्या खेळात कशी शिरली, याचं तिच्या नवऱ्याला फार नवल वाटायचं. खरं तर ती शिरली ती झाडू घेऊन.

वरच्या खोलीत धाकटी जाऊ राहायची. लग्न होऊन या घरात आली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण दोघींचं भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडायला तरी ओळख लागते. धाकटी घरूनच काम करायची. कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या आणि अनोळखी माणसांच्या शिव्यांना साखरेत घोळलेली उत्तरं द्यायची. जेवणाच्या सुट्टीत ती पडदे ओढून टीव्हीसमोर बसायची. एका दुपारी थोरली बसवरून परतून पायातली चप्पल काढत होती, तोच वरून किंकाळी आली. ती हाताला लागला तो झाडू घेऊन जिना चढली.

खोलीत चोर नव्हता. पडद्यावर एका बंद पडलेल्या हॉटेलातला लांबच लांब बोळ होता, आणि त्या बोळातून काळ्या कोटातला, चेहरा नसलेला एक उंच माणूस चालत येत होता. पळत नव्हता, घाई करत नव्हता. टाच आधी, मग चवडा. ठक, ठक.

"कोण हा मेला?"

"मारेकरी आहे, ताई. मरत नाही तो. गोळी घातली तर जरा थबकतो, आणि पुन्हा येतो."

"मग करायचं काय?"

"पळायचं. हॉटेलच्या बाहेर पडायचं."

"मग पड की. ओरडतेस कशाला?"

"एकटीला नाही जमत. खेळ दोघांचा आहे. तुमच्या धाकट्या दिरांना विचारलं, तर त्यांना भीती वाटते."

थोरलीने झाडू भिंतीला टेकवला आणि पदर खोचून शेजारी बसली.

मारेकऱ्याचं बारसं तिनेच केलं. त्याची चाल ऐकता ऐकता एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं, हा तर थेट मामंजींसारखा चालतो!" आणि दोघी तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या, की त्या नादात मारेकऱ्याने दोघींनाही उचललं.

खरे मामंजी, म्हणजे दोघींचे सासरे, खालच्या खोलीत असायचे. त्यांनी उभी हयात एका मोठ्या गोदामाची राखण केली होती, आणि निवृत्त झाल्यावर घराचं गोदाम केलं होतं. ते आवाज चढवायचे नाहीत, धावायचे नाहीत. काठी टेकत सगळ्या घरातून एक फेरी मारायचे. तुम्ही कुठल्याही खोलीत असा, ते तिथे पोचायचेच. नळ गळतोय का, कडी लागली का, आणि मुख्य म्हणजे दिवा. माणूस खोलीबाहेर पडला की दिवा बंद, हा या घरचा कायदा होता. थोरली त्या कायद्याखाली इतकी वर्षं नांदली होती, की तिची बोटं तिला न विचारताच बटणाकडे जायची.

खेळातही ती तेच करायची. धाकटी जीव मुठीत धरून पुढे पळतेय, मागून थोरली येतेय, आणि येता येता खोली-खोलीतले दिवे घालवत येतेय.

"ताई! दिवा का घालवलात?"

"खोलीत कुणी नाही ना आता."

"मामंजी आहेत!"

"मग त्यांना कशाला हवा दिवा? डोळे कुठे आहेत त्यांना?"

अंधारात मारेकऱ्याचं फावायचं. दोघी एकमेकींना धडकायच्या, चुकीच्या दाराला चाव्या लावायच्या, आणि ठक ठक जवळ यायची. एरवी 'ताई, तुम्ही' म्हणणारी धाकटी अशा वेळी "अगं पळ, पळ ना गं भवाने!" म्हणून ओरडायची. थोरलीला त्याचा कधी राग आला नाही. या घरात तिला 'अगं' म्हणणारं नवऱ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि तो म्हणायचा ते चहासाठी.

दिव्यांखेरीज दुसरीही एक अडचण होती. धाकटी कुठे पडली, अडकली, की थोरली हातातलं सगळं टाकून मागे फिरायची. खेळाचा नियम असा, की दोघींपैकी एक जरी फाटकाबाहेर पडली तरी खेळ जिंकला. धाकटीने हे तिला नाना परींनी सांगून पाहिलं.

"एक वाचली तरी चालतं, ताई."

"कुणाला चालतं?"

"खेळाला."

"खेळाला चालत असेल. मला नाही चालत."

त्यामुळे त्या कधीच जिंकल्या नाहीत. पण दुपार झाली की वर जायचं, हे थोरलीच्या अंगवळणी पडलं. बसमधून उतरताना तिचा चेहरा कसा, नवं लग्न झाल्यासारखा दिसतो, असं ड्रायव्हर म्हणायचा. ती म्हणायची, "घरी मारेकरी वाट बघतोय."

मग धाकट्या दिराची बदली झाली. तो आधी पुढे गेला. सामानाचा ट्रक ठरला, आणि सामान म्हणजे अर्थात टीव्हीही आणि खेळाचं यंत्रही. दोघींच्या हातांत बटणांच्या दोन पट्ट्या, एक पडदा आणि शेजारी शेजारी बसलेल्या दोघी, असाच तो खेळ होता. धाकटी गेली की तो संपला. थोरली नुसती एवढंच म्हणाली, "जायच्या आधी एकदा त्या हॉटेलातून बाहेर पडायचं. दोघींनी. नाहीतर मी इथे त्या बोळात अडकून राहीन."

धाकटी हसली नाही.

ट्रक आला त्या दिवशी थोरलीने बसची रजा काढली होती. भर दुपारची वेळ होती. पलंगाचे भाग सुटे करून भिंतीला लावलेले, खोक्यांची तोंडं चिकटवलेली, पडदे काढल्यामुळे खोलीत नको इतका उजेड. टीव्ही तेवढा अजून जागेवर होता, आणि त्याच्यासमोर उघड्या फरशीवर दोघी मांडी घालून बसल्या होत्या. सामान उचलणारा दोनदा दारात येऊन गेला होता. तिसऱ्यांदा आला तो आत येऊन उभाच राहिला.

"बाई, टीव्ही राहिलाय फक्त."

"आलेच," धाकटी म्हणाली.

"हे काय, हॉटेल का?"

"बोलू नका हो, ते ऐकतात," थोरली म्हणाली.

दोघी आजवर कधी नव्हत्या इतक्या पुढे पोचल्या होत्या. फाटक उघडायला दोन टोकांचे दोन खटके एकदम ओढावे लागत. ते ओढून झाले होते. करकरत फाटक वर गेलं होतं, आणि आता ते हळूहळू खाली येणार होतं. थोरली तळमजल्यावर, फाटकाजवळ होती. धाकटीला अजून जिना उतरून यायचं होतं. आणि त्या जिन्याचा दिवा, येताना, थोरलीने घालवलेला होता.

धाकटी अंधारात पायरी चुकली. पडद्याचा तिच्या बाजूचा अर्धा भाग लाल झाला.

"गेले," ती म्हणाली. "पाय मोडला. ताई, तुम्ही बाहेर पडा."

ठक, ठक.

तेवढ्यात खऱ्या जिन्यावरही काठी वाजली. मामंजी वर आले होते, आणि त्यांच्यामागे थोरलीचा नवरा.

"काय चाललंय काय?" नवरा म्हणाला. "ट्रकवाला खाली खोळंबलाय! तुम्हाला वय आहे का काही?"

"ताई, बाहेर पडा ना! एक पाऊल राहिलंय!"

"पडा की बाई," सामान उचलणाराही म्हणाला. "उघडंच आहे फाटक."

मामंजी खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही, सुनांकडे पाहिलं. "सूनबाई," ते म्हणाले, "ट्रक थांबलाय."

अशा दोन-तीन शब्दांवर थोरली इतकी वर्षं उठत आली होती. दूध उतू जातंय, पाहुणे आलेत, दार उघडं आहे. मामंजींनी फक्त सांगायचं, आणि ती उभी. आताही तिचे गुडघे हलले. पण नजर पडद्यावरून हलली नाही.

"थांबू दे, मामंजी," ती म्हणाली.

आणि फाटकाकडे पाठ करून ती मागे फिरली.

नवऱ्याने कपाळावर हात मारला. थोरलीने अंधारात चाचपत जिना गाठला, धाकटीला खांद्यावर टाकलं. ओझं घेतलं की पळता येत नाही, हा खेळाचा नियम. ती चालायला लागली. मागून तोही चालत होता. फाटक गुडघ्याइतकं उरलं, मग वीतभर, मग फरशीला लागलं. ती त्याच्यापुढे येऊन पोचली तेव्हा बाहेर जायला फट नव्हती.

तिने धाकटीला खाली ठेवलं आणि तिच्यापुढे उभी राहून वळली.

"ये," ती पडद्याला म्हणाली. "ये, बघू तरी तोंड."

त्याला तोंड नव्हतंच. पडदा काळा झाला. वर अक्षरं आली: कुणीही जिवंत उरलं नाही.

"झालं समाधान?" नवरा म्हणाला. "काढ रे ती वायर."

"जिंकलो होतो," धाकटीचा आवाज चिरकला. "एवढं सांगितलं तुम्हाला. जिंकलो होतो आपण!"

"तू जिन्यात पडलीस आणि म्हणे जिंकलो."

"पडले कुणामुळे?"

"माझ्यामुळे," थोरली म्हणाली. "दिवा मी घालवला. पुन्हा लाव."

"ताई, ट्रक..."

"पुन्हा लाव म्हणते ना."

सामान उचलणारा अवघडून पुढे झाला. त्याने टीव्हीच्या मागे हात घालताच थोरली बसल्या जागेवरून सरकली ती थेट टीव्हीला पाठ लावून बसली. "उचलायचा तर माझ्यासकट उचला," ती म्हणाली. "जड आहे मी, आधीच सांगते. आणि खाली नेलंत तर ट्रकमध्येच खेळीन."

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "मी नाही सांगणार. मला आत्ताच उत्तर मिळालंय." आणि सर्वांत जवळच्या खोक्यावर बसले. खोक्यात भांडी होती, ती किणकिणली.

थोरली पुन्हा तिच्या जागेवर आली, आणि धाकटीने खेळ पुन्हा लावला.

त्या वेळी जमलं नाही. नवऱ्याने घड्याळ दाखवलं, थोरलीने ते पाहिलं नाही. सामान उचलणारा खाली जाऊन ट्रकवाल्यालाच वर घेऊन आला, आणि तोही उकिडवा बसून "डावीकडे, डावीकडे हो!" म्हणायला लागला. पुढच्या वेळी थोरली खोल्यांमागून खोल्या ओलांडत गेली आणि एकाही बटणाला तिने हात लावला नाही. मागे सगळं हॉटेल लखलखत राहिलं. तिचा अंगठा प्रत्येक दारापाशी बटणाकडे वळायचा आणि परत फिरायचा, हे शेजारी बसलेल्या धाकटीलाच कळत होतं.

खटके ओढले. फाटक वर गेलं. थोरली पोचली, आणि पोचून उभी राहिली. मारेकरी जिन्याच्या अर्ध्यात होता, त्याच्यापुढे धाकटी.

"पुढे हो ताई, मी येते!"

"तू ये. मी बघते आहे."

"तो मागेच आहे!"

"दिसतोय मला. मेल्याला दुसरा उद्योग नाही. तू खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ."

धाकटी आली. कमरेइतक्या उरलेल्या फाटकाखालून दोघी एकदमच वाकल्या, एकमेकींत पाय अडकवत, पडद्यावर आणि फरशीवरही. फाटक मागे खाली आलं. पलीकडून काही वेळ ठक ठक ऐकू येत राहिली, मग ती थांबली.

बाहेर एक साधा रस्ता होता. सकाळचा उजेड, ओली झाडं, कडेला एक बाक. बाकी काही नाही.

ट्रकवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि कुणी साथ देत नाही हे पाहून थांबवल्या. धाकटी पडद्याकडे बघत राहिली. "एवढंच?" ती म्हणाली.

"मग काय बँड बोलवायचा होता?" थोरली म्हणाली. तिने मनगटाने नाक पुसलं, धाकटीच्या हातातली पट्टी काढून घेतली, दोन्हींच्या वायरी नीट गुंडाळल्या आणि सामान उचलणाऱ्याकडे दिल्या.

"घ्या आता," ती म्हणाली. "वर काही ठेवू नका यांच्या."