भाऊजींची जादूची बाटली

माझी तीस वर्षं वंगण तेलं तपासण्यात गेली. पण आमच्या कोथरूडच्या घरात तेलाविषयी बोलण्याचा अधिकार धाकट्या दिरांचा. ते बँकेतून निवृत्त झालेले आणि मोबाइलवर व्हिडिओ बघणारे. एवढी पात्रता पुरे.

एका रविवारी त्यांनी पार्किंगमध्ये एक बाटली आणली. मोटारसायकलच्या इंजिनात ओतायची; घर्षण म्हणे निम्मं होतं.

"भाऊजी, यातल्या रेणूंचं एक टोक धातूला चिकटतं आणि दुसरं, शेपटासारखं, बाहेर राहतं," मी म्हटलं. "त्या शेपटांवरून धातू धातूवर घसरतो. पण ते रेणू तुमच्या तेलात आधीच मोजून घातलेत. पृष्ठभागावर जागा थोडी. नवे आले की झीज थांबवणाऱ्या रेणूंना हुसकावतात. शिवाय याच तेलात तुमच्या क्लचच्या प्लेटा बुडालेल्या असतात. त्यांना घसरायचं नसतं, पकडायचं असतं."

"वहिनी, हे पुस्तकात," ते म्हणाले आणि अख्खी बाटली रिकामी केली. बाटलीवर अर्धी ओतायला सांगितलं होतं. पण वाचणं हेही पुस्तकीच.

पुढच्या आठवड्यात बावधनला वास्तुशांत होती. सगळं ठाऊक असून मी त्यांच्या मागे बसले. माझ्या शिक्षणाची किंमत तिथेच कळली.

चांदणी चौकाच्या चढावर इंजिन गरजायला लागलं आणि गाडी मात्र मुंगीच्या चालीनं. भाऊजी मूठ आणखी पिळत होते. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. जळका वास आला तशी मी उतरले आणि काठाची साडी सावरत चढ चालू लागले. मी गाडीच्या पुढे गेले.

कसब्यातल्या मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी क्लच उघडला. प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत.

"काय ओतलं होतं, काका?"

"काही नाही. गाडी जुनी झालीय," भाऊजी म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

वाटलं, सांगून टाकावं. पण कान लाल झालेला साठीचा माणूस बघवेना. प्लेटा बदलल्या, तेल बदललं, गाडी नीट झाली.

घरी आल्यावर ते जाऊबाईंना सांगत होते, "बाटली इतकी जबरदस्त, की गाडीलाच झेपली नाही!"

जाऊबाईंनी कौतुकाने मान डोलावली. मी चहा घेतला आणि आत गेले.