अप्पांच्या सालाची पट्टी

उमरग्यात ज्यांची बाळंतपणं तिथल्या जुन्या दवाखान्यात झाली, त्यांच्या घरी इरम्माच्या हातचं एखादं टोपडं हमखास सापडेल. ती तिथं आया होती. एका नर्सबाईंकडून दोन सुयांवरचं विणकाम शिकली आणि मग तिचा हात कधी रिकामा राहिला नाही.

नवरा वीरभद्र हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये टायरचं पंक्चर काढायचा. मुलगा बसवेश दहावीला होता त्या वैशाखात, भर दुपारी ट्रकचं चाक काढता काढता वीरभद्र कोसळला. जिथं इरम्मानं लोकांची लेकरं धुऊनपुसून आईच्या कुशीत दिली, तिथंच ती नवऱ्याच्या अंगावर ओली फडकी ठेवत राहिली. उपयोग झाला नाही.

पुढं बसवेशनं शेड सांभाळली. थोरली गायत्री धाराशिवला कॉलेजात भूगोल शिकवू लागली. गेल्या दिवाळीत ती वेगळंच काम घेऊन आली. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिला एक मफलर हवा होता. एका सालाची एक पट्टी. साल थंड गेलं असेल तर निळी, मग जसजसं तापत जाईल तशी पिवळी, नारिंगी, लाल. जिल्ह्याच्या तापमानाचे दर सालाचे आकडे तिनं मिळवले होते. विणणं मात्र तिला कधी जमलं नव्हतं.

गायत्री फोनवर रंग सांगायची आणि इरम्मा विणायची. इरम्माच्या जन्माचं साल निळं निघालं, लग्नाचं आकाशी. शेजारची मल्लम्मा येऊन आपल्या लेकरांच्या पट्ट्या शोधायची, आणि दोघी कानडीत जुन्या थंडीच्या गोष्टी काढून बसायच्या.

वीरभद्रच्या सालाचा रंग इरम्मानं विचारलाच नाही. सगळ्यांत गडद लाल लोकर तिनं त्यासाठी आधीच बाजूला काढली होती. ती विणून मोकळी झाली.

संक्रांतीला गायत्री आली, अर्धवट मफलर हातात घेतला आणि त्या शेवटच्या पट्टीवर थांबली.

"अव्वा, हे साल नारिंगी आहे."

"तुझे अप्पा गेले त्या साली."

"माहीत आहे गं. पण ही सरासरी अख्ख्या वर्षाची असते, एका दुपारची नाही. गडद लाल सालं त्याच्यानंतर आलीत."

इरम्मानं विणकाम पिशवीत कोंबलं. घर उजाड करणारं साल नुसतं नारिंगी कसं असेल, असं म्हणून ती लेकीशी दिवसभर नीट बोलली नाही.

लेक परत गेल्यावर मात्र इरम्माला चैन पडेना. ते साल म्हणजे एकदाच आलेली अवदसा, असं समजूनच तर ती इतकी वर्षं जगली होती. तिनं आपणहून फोन लावला आणि पुढच्या सालांचे रंग विचारले. लाल, पुन्हा लाल, मधे एखादं नारिंगी, मग गडद. ही सगळी सालं बसवेशनं त्याच पत्र्याखाली काढली होती.

तिनं ती पट्टी उसवली, नारिंगी विणली, आणि उरलेला मफलर पुरा केला.

तो धाराशिवला धाडण्याआधी ती शेडवर गेली. बसवेश नट आवळत होता.

"हे तुझ्या अप्पांचं साल," तिनं पट्टीवर बोट ठेवलं. "आन् ह्याच्या म्होरची बघ. ही तुझी हायत."

बसवेशनं हात पुसले. गाड्यांची टायरं दुपारीच फुटतात, शेड बंद ठेवून कसं भागायचं, असं तो म्हणाला.

"तुझे अप्पाबी ह्येच म्हणायचे."

बसवेश पुन्हा नट आवळू लागला. आठवड्याभरात त्यानं, पत्रा कमी तापावा म्हणून, वरून चुना मारला. वैशाख लागल्यावर दुपारी दुकान बंद ठेवू लागला. ते रोज पाळतोच असं नाही. एखादा ड्रायव्हर बायकालेकरं घेऊन अडकला, की उठतो. मग इरम्मा पाण्याची कळशी घेऊन शेडमध्ये येते, त्याच्याजवळ बसते आणि चाक बसेपर्यंत हलत नाही.