एक कान घरचा

उजव्या कानात इयरफोन घालायचा, डावा मोकळा ठेवायचा आणि कोणी बघितलंच तर म्हणायचं, "मॅडम, एक कान ऑफिसचा, एक कान घरचा."

असं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्याकडे ते ड्रॉइंगच्या फाइली सांभाळायचे. वसईचे ख्रिस्ती, पन्नाशीचे, भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बटणं लावणारे. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता, दोह्याबाहेर अल वक्र्याजवळच्या आमच्या बांधकामाच्या साइटवर दोन शिफ्ट चालू होत्या आणि अ‍ॅडमिनमध्ये बसून मी याद्या करत होते. रजांच्या, गेटपासच्या, पाण्याच्या बाटल्यांच्या. सगळं ऑफिस 'यल्ला, यल्ला' करत पळायचं. हे मात्र फाइलीवर नंबर टाकता टाकता जपानी गाणी म्हणायचे.

गाणी म्हणजे काय, खालच्या खालीच घुटमळणारा आवाज. "सर्दी झालीय का हो?" मी एकदा विचारलं. "नाही मॅडम, हे असंच आहे," ते म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.

तरुणपणी ते एका जपानी जहाजावर स्वयंपाकी होते. जेवणानंतर तिथले अधिकारी आळीपाळीने माइक धरून गायचे. ऐकून ऐकून गाणी यांच्या तोंडात बसली. अर्थ विचारला की सांगायचे, "बंदर, बर्फ आणि बोट निघून गेली. सगळ्यांत तेच." गायिकांविषयी मात्र तासभर बोलले असते. त्यांची लाडकी एक वयस्क बाई होती. फोनवर तिचे व्हिडिओ दाखवायचे. "बघा, सगळ्यांना रडवते, पण हात हलवते का? आपल्याकडे हातच जास्त गातात." चकचकीत कपड्यांतल्या नव्या नाचऱ्या पोरांवर त्यांचा राग नव्हता. "पाय चांगले आहेत," एवढंच म्हणायचे.

एकदा आमचे जपानी सुपरवायझर त्यांच्या टेबलाशी थांबले. मान कलती करून बराच वेळ ऐकलं आणि मग अदबीनं विचारलं, हे कुठल्या देशाचं गाणं? आम्ही आठवडाभर हसलो. तेही हसले.

काम उरकत आलं तशी जपानी मंडळी परत निघाली. निरोपाचा कार्यक्रम माझ्याकडे होता.

"मॅडम, मला पाच मिनिटं हवीत. आणि स्पीकर."

"तुम्ही गाणार?"

"मी खालून. स्पीकरवर मिसेसचा आवाज. टाळ्या रेकॉर्ड करून तिला पाठवायच्यात. तब्येत बरी नाही तिची. विचारत असते, जपान्यांना आवडेल का म्हणून."

मी यादीकडे पाहिलं. चार भाषणं, केक, ग्रुप फोटो. आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांना ते घुटमळणं ऐकवायचा माझा धीर होईना. "पुढच्या कार्यक्रमात नक्की," म्हणत मी त्यांचं नाव 'पुढच्या वेळी'खाली लिहिलं. माझ्या याद्यांत नाव खोडायची पद्धत नाही, पुढे ढकलायची आहे.

"लवकर आहे का पुढचा?"

"बघू. त्यांना काळजी घ्यायला सांगा."

"इन्शाल्ला, मॅडम."

कार्यक्रम वेळेत झाला. दहा मिनिटं उरलीसुद्धा.

पंधरा दिवसांनी ते इमर्जन्सी रजेचा फॉर्म घेऊन आले. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'पत्नी'. तिकीट प्रिंट होत होतं. मी म्हटलं, "मिसेसचं ते गाणं ऐकू का?" त्यांनी डावा इयरफोन माझ्या हातात दिला.

बाईचा आवाज होता. बारीक, दमलेला, पण स्वच्छ. गाण्याची खरी चाल तिच्याकडे होती. समोर बसून त्यांनी हळूच आपली ती रोजची ओळ सुरू केली, आणि दोन आवाज असे जुळले की मी टेबलाची कड घट्ट धरली. लग्नाआधीपासून दोघं चर्चच्या गायनवृंदात असंच गात आलेली, ती वरचा सूर, हे खालचा. अर्धं गाणं ऐकून आम्ही माणसाला बेसूर ठरवलं होतं.

गाणं संपल्यावर ती खोकली, मग हसून म्हणाली, "टाळ्यांसाठी जागा ठेवलीय हं." त्यानंतर काहीच नव्हतं. रेकॉर्डिंग नुसतंच चालू होतं.

त्यांचं विमान मुंबईत उतरण्याआधीच ती गेली. ते दोह्याला परतले नाहीत. राजीनामा ईमेलनं आला, शेवटी 'शुक्रन, मॅडम.'

स्पर्धेच्या तोंडावर साइट ऑफिस बंद केलं, तेव्हा त्यांचा ड्रॉवर मीच रिकामा केला. यादी केली. स्टेपलर एक, पंच एक, पेनं दोन, निळं आणि तांबडं. तळाशी एक कागद निघाला. देवनागरीत लिहिलेलं ते गाणं, वरच्या ओळी तांबड्या, खालच्या निळ्या. सगळ्यांत शेवटी तांबड्या शाईत, 'टाळ्या'. तो कागद 'कंपनीचं सामान' या रकान्यात बसेना आणि 'मोडीत' लिहायला हात धजेना.

उभ्या उभ्या मी निळ्या ओळी म्हणून पाहिल्या. कागदाकडे बघावंही लागलं नाही. दोन वर्षं ऐकल्या होत्या, सगळ्या पाठ होत्या. शेवटच्या शब्दाशी आल्यावर दार लावून घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. टेबलं-खुर्च्या आधीच गेल्या होत्या. रिकाम्या खोलीत एकटीच्या टाळ्यांचा आवाज फार मोठा झाला.