आत्याबाईंचा न्याय

आत्याबाईंच्या पंगतीत कुणालाच सारखं मिळत नसे. एकीच्या वरणावर तूप, तर शेजारणीचं वरण कोरडं. एकीला अर्धी भाकर जास्त, दुसरीला मागूनही नाही. वर्ध्याच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात नवीन आलेली पोर पहिल्या आठवड्यात हमखास यावरून रुसायची. आत्याबाई वाढता वाढता विचारायच्या, "सारखं वाढाले तुमचे पोटं का सारखे हायेत वं?"

कुणाचा ताप नुकताच उतरला, कोण केळझरहून पायी आली, कोण घरच्या आठवणीने जेवत नाही, हे त्यांना न सांगता कळायचं. नवरा गेल्यावर स्वतःचं राहतं घर देऊन त्यांनी हे वसतिगृह काढलं होतं. समितीत वकील होते, मास्तर होते, पण शेवटी चालायचं ते आत्याबाईंचंच.

माझे बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. छप्पन्न साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. ही बातमी वसतिगृहात पोचली तशी एका मुलीने आपलं ताट माझ्यापासून दूर सरकवलं. आत्याबाईंनी ते पाहिलं. त्या स्वतःचं ताट घेऊन माझ्या शेजारी बसल्या आणि तिला म्हणाल्या, "इथं कोनाले जात नाई. तुयी असन तं घरी ठेवून येजो, मंग जेवाले बसजो." त्या दिवशी आत्याबाईंनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी मारली असती.

शनिवारी दुपारी अंगणात वादविवाद व्हायचे. देश नवा, आम्ही नव्या, सगळ्यांना बोलायचं असायचं. एकदा विषय निघाला, सर्वांना संधी सारखी द्यावी, की सर्वांची स्थिती सारखी होईल असं पाहावं? समोरची मुलगी म्हणाली, शाळेचं दार सगळ्यांना उघडं ठेवा, पुढे जिची तिची हुशारी. मी उठले आणि आत्याबाईंच्या पंगतीचाच दाखला दिला. म्हटलं, दार उघडं आहे खरं, पण एक बैलांच्या दमणीत बसून येते आणि एक अनवाणी चालत येते. दारापाशी पोचेतो दुसरीचे पाय फुटलेले असतात. तिला जास्त द्या, तेव्हा कुठे दोघी बरोबरीला येतील. टाळ्या पडल्या. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. "लय बोलली आज, भूक लागली असन," म्हणत त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

मॅट्रिकनंतर मास्तरणीच्या ट्रेनिंगला वसतिगृहाकडून एकाच मुलीची शिफारस जायची. वर्गात मी पहिली. आत्याबाईंनी स्वतः मला सांगितलं होतं, "तुयं नाव पक्कं समज. बापाले सांगून देजो." मी सांगितलं. बाबांनी सबंध मोहल्ल्याला सांगितलं.

नाव आलं सिंधूचं. सिंधू माझ्याच खोलीत राहायची. लहानपणी लग्न होऊन विधवा झालेली, अभ्यासात बेतास बात, स्वभावाने गरीब गाय. मी तशीच स्वयंपाकघरात गेले.

"आत्याबाई, माह्यं नाव काऊन नाई?"

त्या अंबाडीची भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही. "सिंधूचा सासरा येऊन गेला. शेतात राबाले नेतो म्हणते तिले. तिले कोनी नाई. तुले बाप हाये."

"तुमीच पक्कं म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. पन तू हुशार हायेस, कशीबी शिकशीन. ते नाई शिकनार. अन् तूच तं बोलली होती वं, जास्त गरज ज्याले त्याले जास्त द्या म्हणून."

त्या भाषणातली अनवाणी पोर मी होते! स्वतःबद्दलच तर बोलत होते मी. आत्याबाईंना ते कळलंच नव्हतं. त्यांना विधवेचं दुःख कळायचं, कारण ते त्यांनी भोगलं होतं. माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, हे मात्र त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. जात नाही म्हटल्यावर जातीने हिरावून घेतलेलं तरी कुठून दिसणार?

सिंधूला मिळू नये असं मी तेव्हाही म्हणत नव्हते, आजही म्हणत नाही. पण माझ्यापुढ्यातलं उचलून देताना त्यांनी मला एका शब्दाने विचारायला हवं होतं.

बाबांनी मोहल्ल्यात तोंड दाखवणं सोडलं. मॅट्रिक झालेली पोर किती दिवस घरी ठेवणार? त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी वडनेरला आले. नवरा चांगला होता, पण पुस्तकाचा आणि त्या घराचा काही संबंध नव्हता. मी लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागले.

दोनेक वर्षांनी जामच्या फाट्यावर सिंधू भेटली. इस्त्रीचं लुगडं, खांद्याला पिशवी, समुद्रपूरकडच्या शाळेत मास्तरीण. मला पाहून तिने गळ्यात हात टाकले आणि रडायलाच लागली. आत्याबाई गेल्या, म्हणाली. शेवटच्या दिवसांत ती त्यांच्याजवळ होती.

"तुयीच आठवण काढे सारखी," सिंधू म्हणाली. "मले विचारलं, ते शिकली नं? शिकलीच असन, म्हणे."

"मंग? तू का म्हटलं?"

सिंधूने माझ्या हातातल्या विळ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हो म्हटलं. मास्तरीण झाली म्हटलं. लय खूश झाल्या."

तिची मोटार आली. ती चढली, खिडकीतून हात हलवत राहिली. मी हात वर केला नाही. आत्याबाई गेल्या त्या आपण दोघींनाही उभं केलं असं समजून, समाधानाने गेल्या. त्यांचं ते समाधान मला अजून सोसत नाही.