मान खाली, पट्टी हातात

“मंग?”

बस, एवढंच विचारायच्या आमच्या बाई. मध्यप्रांताच्या काळात जबलपूरच्या एका जनाना इस्पितळात त्या मोठ्या नर्स होत्या अन् मी नवीकोरी, आपल्याला सगळं येतं असं समजणारी.

दर शनिवारी दुपारी उकळून वाळवलेल्या पट्ट्यांचा ढीग मागच्या व्हरांड्यात पडायचा. आम्ही सातजणी, दोन म्हाताऱ्या दाया धरून, सतरंजीवर गोल बसून त्या गुंडाळायचो. गुंडाळता गुंडाळता प्रत्येकीनं आठवड्यात आपल्या हातून काय झालं ते सांगायचं. नियम एकच : मान खाली, नजर पट्टीवर. बोलणारीकडे कोणी बघायचं नाही. तुम्हीच सांगा, सगळ्यांनी डोळे रोखले तर कोणाच्या तोंडून खरं निघेल?

माझी पट्टी नेहमी तिरकी. “हे पट्टी आहे का जिलबी?” म्हणत बाई ती उलगडून परत माझ्याच हातात द्यायच्या.

एकदा मी एका नर्सला फटकन विचारलं, “काहून केलं असं?” बाई म्हणाल्या, “‘काहून’ विचारलं की माणूस वकील होते, पोरी. ‘मंग’ विचार. म्हणजे ते पुढचं सांगते.” तेव्हापासून त्या सतरंजीवर ‘का’, ‘कशाला’, ‘काहून’ सगळं बंद.

मग तो थंडीचा आठवडा आला. जवळच्या पनागर गावची एक बाई बाळंत झाली, मुलगी झाली. बाळाच्या पायाशी मी गरम पाण्याची पिशवी ठेवली. पिशव्यांच्या लोकरी खोळी सगळ्याच्या सगळ्या धुऊन दोरीवर ओल्या लटकत होत्या, म्हणून मी नुसता पातळ पंचा गुंडाळला. तासाभरानं बघते तो टाचेला हा मोठा फोड! आई घाबरून म्हणाली, “ये क्या हो गया, दीदी?” अन् मी मेली म्हणते काय, “कुछ नहीं, जन्म से है.”

शनिवारी मी एकच पट्टी दोनदा गुंडाळली अन् दोनदा उलगडली. वडील गेल्यावर घर माझ्याच नोकरीवर होतं. पण त्याहून जास्त ती थाप आत टोचत होती.

“पनागरवालीच्या मुलीची टाच भाजली. माझ्या हातून.”

“मंग?”

“खोळी ओल्या होत्या, बाई. दोरीवर.”

बाईंच्या हातातली पट्टी सुटून पायरीपर्यंत घरंगळत गेली. त्यांनी ती गोळा करून आणली.

“मंग?”

“मंग आईशी खोटं बोलली.”

मी हमसून रडायला लागले, पण कोणी मान वर केली नाही. थोड्या वेळानं एक दाई पट्टीशीच बोलल्यासारखं म्हणाली, “हमसे भी हुआ था, बेटा. गरम ईंट से.” दुसरी म्हणाली, पिशवी आधी आपल्या पोटाशी धरून बघावी. तोच आमचा नवा कायदा झाला : शंभर आकडे स्वतःच्या पोटाशी, मगच बाळापाशी.

नंतर बाई मला त्या आईकडे घेऊन गेल्या. मी खरं सांगितलं. तिनं मला चांगलं झाडलं, रडली, अन् मग विचारलं, “पैर तो बच जाएगा न?”

पाय बचावला. मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे मात्र बाई एकट्याच गेल्या. तिथे काय बोलल्या कोण जाणे, माझी नोकरी राहिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी बाई त्याच इस्पितळात खाटेवर होत्या. शेवटचं दुखणं, हे त्यांनाही कळत होतं अन् मलाही. मी पिशवी भरली, शंभरपर्यंत पोटाशी धरली अन् त्यांच्या पायाशी ठेवली.

“पट्टी आण,” त्या म्हणाल्या.

त्यांची बोटं वळत नव्हती. दुसरं टोक मी धरलं.

“त्या पनागरवालीच्या वेळी,” बाई पट्टीकडे बघत म्हणाल्या, “खोळी मीच एकदम धुवायले लावल्या होत्या. एक तरी कोरडी ठेवाले पाहिजे होती. डॉक्टरीणबाईले सांगितलं मी. पण सतरंजीवर नाही बोलली. तू एकटी रडून राहिली होती, अन् मी गप्प.”

माझ्या ओठांवर ‘काहून’ आलं होतं. ते मी गिळलं. मान खाली घातली, नजर पट्टीवर ठेवली अन् म्हटलं,

“मंग?”