खळ घातलेलं शीड

प्रिय मुक्ता आणि निनाद,

शिडाच्या होड्यांच्या वर्गात तुम्ही नाव घातलंत, हे काल फोनवर कळलं. "आजी, हे आपल्या रक्तातच आहे!" असंही मुक्ता म्हणाली. रक्तात नक्की काय आहे, ते पाण्यात उतरण्याआधी तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून लगेच लिहायला बसले आहे.

निवृत्त झाल्यावर तुमच्या आजोबांनी एक जुनी शिडाची नौका घेतली. ती ट्रकमधून आमच्या तलावावर आली. (समुद्र चंद्रपूर जिल्ह्यापर्यंत येत नाही, याची आठवण मी दिली होती.) आजोबा तिला यॉट म्हणत. तलावात मासेमारी करणारे ढिवर तिला 'साहेबाची म्हैस' म्हणत, कारण एकदा पाण्यात बसली की ती हलत नसे!

दोष वाऱ्याचा. जंगल ओलांडून आमच्यापर्यंत वारा येतो तोच दमून. जाड शीड फुगायचं नाही, आणि म्हैस नेमकी जाळ्यांच्या वाटेत. शेवटी ढिवरांचे पुढारी सुखदेवभाऊ अंगणात आले.

"साहेब, तुमची नाव आमची जाळी अडवून राह्यली."

"वाराच नाही हो, सुखदेवभाऊ."

"मंग वाऱ्याची नाव आणली काऊन? रविवारी सारे पाहू. त्या काठाले गेली तं राहू द्या. नाई गेली तं उचला!"

आजोबांचा चेहरा उतरला. रोज सकाळी ते त्या नावेत बसून चहा पीत. जीव होता त्यांचा तिच्यावर. मग त्यांना उपाय सुचला: हलक्या वाऱ्याचं शीड! नावेबरोबर एक पातळ नायलॉनचं जुनं शीड आलं होतं. त्याचा फाटका भाग काढून तिकोनी तुकडा बेतायचा आणि डोलकाठी व नावेचं टोक यांच्यामध्ये ताणायचा. बेतलं त्यांनी, शिवलं मी, माझ्या पायमशीनवर.

"नुसती फुंकर मारली तरी फुगलं पाहिजे," ते म्हणाले.

शीड तयार झालं, पण काय तो अवतार! डाग, सुरकुत्या. माझ्या हातचं कापड साऱ्या गावासमोर असं फडकणार? मी ते धुतलं. मग या घरात धुतलेल्या पांढऱ्या कापडाचं जे होतं, तेच त्याचं झालं. तांदळाची दाट पेज काढून मी खळ घातली. नायलॉन खळ धरत नाही, म्हणून दोनदा घातली! (इस्त्री मात्र कोमटच ठेवली. मी शिकलेली बाई आहे.)

रविवारी आजोबांनी काठावर घडी उलगडली. ती तळलेल्या पापडासारखी कडकड वाजली.

"अगं, हे काय केलंस?"

"नीटनेटकं केलं."

"शीड आहे ते! धोतर नव्हे!"

दुसरा इलाज नव्हता. पापड डोलकाठीवर चढला. वारा आला, पापडाला वळसा घालून सभ्यपणे निघून गेला. काठावरून ढकललेल्या जोरावर नाव थोडी सरकली आणि थांबली.

"साहेब, म्हैस बसली!" काठावरून आवाज आला.

आजोबा रागाने उठले, दोरी ओढली आणि शीड पाण्यात पडलं. त्यामागून आजोबाही! (पाणी कमरेएवढं होतं. मी आधीच विचारून ठेवलं होतं.) खळ सुटली, पाणी पांढरं झालं आणि बघता बघता आजोबांच्या भोवती खळबळायला लागलं.

"अबे, मासे! रोहू आहेत रोहू!" सुखदेवभाऊंनी डोंगा हाणला. "साहेब, हलू नोका! शीड तसंच धरून ठेवा!"

आजोबा पेजेत उभे. भोवती तीन जाळी पडली. आयुष्यात त्यांचं कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं.

ओला टॉवेल खांद्यावर टाकून सुखदेवभाऊंनी निकाल दिला, "नाव राहू द्या, साहेब. पण बाई, पुढच्या रविवारी पेज जराशी दाट करजा."

नाव अजून तलावात आहे आणि आजोबा तीत चहा पितात. त्या काठाला ती कधीच गेली नाही. शीडही आहे. दर शनिवारी मी त्याला खळ घालते, दोनदा.

तुमची,
आजी