गिरणी बंद करून विचारलेला प्रश्न

मुकुंदवाडीत स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत पुतळाबाईची पिठाची गिरणी आहे. माहेर मेंढरं वळणाऱ्यांचं, त्यामुळं आवाज खणखणीत. नवरा बद्रीनाथ वारल्यावर गिरणी तिनं एकटीनं चालवली. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि दळण होईस्तोवर घरातलं सगळं बोलून मोकळ्या व्हायच्या.

म्हणूनच आरोग्य केंद्रातल्या शीला सिस्टरनं दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला तिचं नाव घातलं. जीव द्यायच्या विचारात असलेलं माणूस ओळखायचं कसं, त्याच्याशी बोलायचं कसं, हे तिथं शिकवणार होते.

"सिस्टर, मी चौथी नापास. मला काय डॉक्टरीण करता का?"

"डॉक्टरांपाशी मन मोकळं करायला किती बाया जातात, मावशी? तुमच्यापाशी रोज येतात."

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये आशा सेविका होत्या, अंगणवाडीच्या बाया होत्या, दोन रिक्षावालेही होते. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, शंका आली तर आडून नाही, सरळ विचारायचं. पुतळाबाई उठून उभी राहिली. "तिच्या मनात नसंल अन् आपणच घातलं तर?"

"विचारल्यानं तो विचार मनात येत नाही, ताई. आधीपासून असेल, तर बाहेर पडायला वाट मिळते."

मग जोडीजोडीनं सराव झाला. समोर बसलेल्या कृष्णा रिक्षावाल्याला विचारताना पुतळाबाईच्या तोंडून शब्द फुटेना. तिला धाकटा भाऊ अजिनाथ आठवत होता. त्यानं जीव दिला, त्याच्या आठवडाभर आधी तो तिला भेटून गेला होता. चहा पिऊन नुसताच बसून राहिला होता. "बरं हाय ना रं?" एवढंच तिनं विचारलं आणि तो "व्हय" म्हणाला होता. कृष्णानं पाण्याची बाटली पुढं केली. तिसऱ्या खेपेला तिनं प्रश्न पुरा केला.

पुढं भाद्रपदात, एका दुपारी, गल्लीतली ज्ञानेश्वरी दळण घेऊन आली. आठ महिन्यांपूर्वी तिला दुसरी मुलगी झाली होती. नवरा शिवराज चितेगावच्या कंपनीत पाळीवर जायचा. एरवी आठवड्याचा डबा आणणारी ही पोरगी आज गव्हाची दोन पोती रिक्षात घालून आली होती.

"येवढं पीठ? आगं, पावसाळी हवा हाय, अळ्या पडतील की!"

"असू द्या मावशी. मागं कुणाची आबाळ व्हायला नको."

पुतळाबाईनं पहिली पाटी ओतलीही. मग ते 'मागं' तिच्या कानात अडकलं. ज्ञानेश्वरीचे डोळे खोल गेलेले, केसांना कित्येक दिवस फणी नव्हती. पुतळाबाईनं बटण दाबलं. घरघर थांबली.

"लाईट गेली का?" रांगेतल्या मालनबाईनं विचारलं.

"नाय. डबे ठिवा अन् संध्याकाळी या सगळ्याजणी."

तिनं दार लोटलं, ज्ञानेश्वरीला पोत्यावर बसवलं, स्वतः शेजारी टेकली.

"ज्ञानेश्वरी, मी सरळ इचारते. जीव द्यायचं मनात येतंय का तुझ्या?"

ज्ञानेश्वरीनं पिठानं पांढऱ्या झालेल्या जमिनीकडं बघत होकारार्थी मान हलवली आणि तिला हुंदका फुटला. झोप नाही, काही गोड लागत नाही, लेकरू रडलं की आपण आई व्हायच्या लायकीचे नाही असं वाटतं, माझ्यावाचून सगळ्यांचं बरं होईल... तुटक तुटक ती बोलत राहिली. "लेकरांकडं बघ की" असं पुतळाबाईच्या जिभेवर आलं होतं, पण मॅडमनी तेवढं मात्र बोलू नका म्हणून सांगितलं होतं. ती फक्त हात धरून ऐकत राहिली.

"लई सोसलंस बाई," शेवटी ती म्हणाली. "हा आजार हाय, अन् ह्याला विलाज हाय. आज मी तुला एकटी सोडायची नाय. शिवराजला बोलवू का?"

ज्ञानेश्वरी "व्हय" म्हणाली.

शिवराज येईपर्यंत पुतळाबाईनं १४४१६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. शिवराज धापा टाकत आला, दारातच थबकला. "मला वाटलं, नुसती थकलीय," तो म्हणाला. घरातल्या धोक्याच्या वस्तू आधी हलवायच्या, हे पुतळाबाईनं त्याला बाजूला घेऊन बजावलं. पुतळाबाईनं कळवल्यावर त्याच दिवशी शीला सिस्टर दोघांना घेऊन सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेली.

"मावशी, वेळेवर विचारलंत," सिस्टरचा फोन आला, तेव्हा कुठं पुतळाबाई भिंतीला टेकून बसली, थोडी रडली, मग तिनं सकाळची थंड भाकरी ठेच्याशी मिटक्या मारत खाल्ली.

पोरगी काही चार दिवसांत बरी झाली नाही. गोळ्या, दवाखान्याच्या फेऱ्या, मध्येच पुन्हा एक वाईट आठवडा. सासू गावाहून येऊन राहिली, शिवराजनं पाळी बदलून घेतली. दिवाळी उलटली.

एका सकाळी आठ दिवसांच्या खंडानंतर नळाला पाणी आलं, आणि ज्ञानेश्वरीचा आवाज गल्लीभर घुमला, "मोटार लावून सगळं पाणी तुम्हीच वढता का वो? आमच्या टाकीत काय हवा भरू?" शेजारीणही मागं हटेना. पुतळाबाई गिरणीच्या दारात कमरेवर हात ठेवून ते भांडण पार शेवटपर्यंत ऐकत राहिली. कितीतरी दिवसांत इतकं छान काही तिच्या कानावर पडलं नव्हतं.